युरिया कोण खातो? : मका, तण आणि नत्राचा एक पाठ



१ जुलै म्हणजे कृषिदिन, वसंतराव नाईकांची जयंती. नाईक साहेब आपल्याच जिल्ह्यातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १९६३ ते १९७५ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यामुळे यवतमाळच्या शाळांत हा दिवस जरा जास्तच आपुलकीने साजरा होतो. फोटोला हार, दोन भाषणं, मैदानाच्या कडेला चार रोपं. विदर्भातल्या शाळा तेव्हा नुकत्याच उघडलेल्या असतात, आणि कंपाउंडच्या पलीकडे वावरात पेरण्या उरकून पहिल्या डवरणीची गडबड चालू असते. म्हणून सुचवावंसं वाटतं, की या वर्षी भाषणांसोबत एक खरा शेतीचा पाठ घ्या. त्याला पुस्तक लागत नाही. एक प्रश्न लागतो, एक वजनकाटा आणि थोडी जागा.

प्रश्न असा : युरिया कोण खातो?

सहावीत विचारा, नववीत विचारा, उत्तर एकच येतं. "पीक खाते." मग पुढचा प्रश्न टाका. युरिया फेकल्यावर आठ दिवसांनी वावरात काय काय हिरवं होतं? इथे मात्र शेतकऱ्याघरचं एखादं पोरगं हसतं आणि म्हणतं, "सर, कचरा बी वाढते नं!" आपल्याकडे तणाला सरळ 'कचरा'च म्हणतात. पाठ इथून सुरू होतो.

आधी नावांचा घोळ सोडवा

आपली मुलं एकच गोष्ट तीन नावांनी ऐकतात आणि ती तीन वेगळी समजतात. नववीच्या विज्ञानात नायट्रोजन चक्र येतं. कृषी विभागाच्या पत्रकात 'नत्र' असतं. घरी गोणीवर 'युरिया' लिहिलेलं असतं. ज्या मुलाला नायट्रोजन चक्राची आकृती तोंडपाठ आहे, त्यालाही बाबांनी काल टाकलेला युरिया त्या आकृतीत नेमका कुठे बसतो हे सांगता येत नाही. हा त्याचा दोष नाही, आपण कधी ते जोडूनच दाखवत नाही.

जोडायचं कसं? हवेत जवळजवळ ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो हवेतून घेता येत नाही. तूर, सोयाबीन, चवळी यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू असतात, ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. मक्याकडे, ज्वारीकडे, पऱ्हाटीकडे ती सोय नाही. त्यांना जमिनीतूनच घ्यावा लागतो. कारखान्यात हेच काम खूप दाब आणि उष्णता वापरून करतात. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन मिळून अमोनिया तयार होतो आणि अमोनियापासून युरिया. आपल्या राज्यात अलिबागजवळ थळला असा मोठा कारखाना आहे.

युरिया मातीत पडला की मातीतल्या युरिएज नावाच्या विकरामुळे काही दिवसांत त्याचा अमोनिया होतो. मग नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. झाड अमोनियम घेतं आणि नायट्रेटही घेतं. ही साखळी पुस्तकात असते. पुस्तकात नसतं ते हे, की प्रत्येक पायरीवर गळती आहे. युरिया वर पडून राहिला आणि ऊन तापलं, तर अमोनिया हवेत उडून जातो. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हे जास्त होतं. नायट्रेट झालं आणि जोराची झड लागली, तर ते पाण्यासोबत खाली झिरपतं. वावरात पाणी साचून राहिलं, तर दुसरे जिवाणू त्याचा वायू करून परत हवेत सोडतात. धान्यपिकांना दिलेल्या नत्रापैकी साधारण निम्मं किंवा त्याहून कमीच पिकाच्या पोटात जातं. २०१५ पासून आपल्याकडचा युरिया निमलेपित केला, तो याच गळतीला थोडा आवर घालायला. कडुनिंबाच्या तेलामुळे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. आपली जुनी माणसं युरियात निंबोळी पेंड मिसळून ठेवायची, तेही यासाठीच.

मकाच का?

आपला जिल्हा पऱ्हाटी, सोयाबीन आणि तुरीचा. मका बहुतेक घरी बांधाला, चाऱ्यासाठी नाहीतर भाजून खायच्या कणसांपुरता असतो. अलीकडे इथेनॉलमुळे मक्याला मागणी आली आहे. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाला, म्हणून काही जण सोयाबीन सोडून मक्याचा विचार करू लागलेत. पण पाठासाठी मका निवडण्याचं माझं कारण वेगळं आहे. मका मुलांना वाचता येतो. पानं मोठी, वाढ भराभर, आणि नत्र कमी पडलं की तो पानावर लिहून दाखवतो.

नत्र कमी पडलेल्या मक्याचं खालचं, जुनं पान बघा. पिवळेपणा टोकापासून सुरू होतो आणि मधल्या शिरेवरून खोडाकडे सरकत जातो. कडा मात्र हिरव्या राहतात. टोकापासून खोडाकडे बघितलं तर उलट्या 'व्ही'चा आकार दिसतो. खालचंच पान का? कारण नत्र झाडाच्या आत हलतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्या कोवळ्या पानाला देतं. घरात भाकरी कमी असली की आई स्वतःची अर्धी लेकराच्या ताटात टाकते, तसं. हे उदाहरण मुलांना पुन्हा सांगावं लागत नाही. स्फुरद कमी असेल तर पानं जांभळट होतात, पालाश कमी असेल तर कडा करपतात. पण तो वेगळा पाठ.

एका झाडाचा वाटा किती?

आता गणित. खरीप मक्यासाठी आपल्याकडे साधारण शिफारस आहे हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश. माती परीक्षण केलं असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त. युरियात ४६ टक्के नत्र असतं. ४५ किलोच्या एका गोणीत म्हणजे २०.७ किलो. एकराला ४८ किलो नत्र लागतं, म्हणजे सगळं युरियातून द्यायचं ठरवलं तर सुमारे १०४ किलो, सव्वादोन गोण्यांच्या जरा वर.

पण बहुतेक घरी पेरताना एकरी एक गोणी डीएपी पडतेच. डीएपीत १८ टक्के नत्र असतं, म्हणजे ५० किलोच्या गोणीत ९ किलो. ते ४८ मधून वजा करायला सगळेच विसरतात. उरलं ३९ किलो, म्हणजे ८५ किलो युरिया. दोन गोण्यासुद्धा पूर्ण नाहीत! आठवीच्या मुलांना हे उदाहरण सोडवायला द्या आणि घरी विचारून यायला सांगा, की आपल्याकडे एकरी किती पडतो. दुसऱ्या दिवशी वर्गात जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते. मात्र कोणाच्या वडिलांचं चुकलं असं तिथे म्हणू नका. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि डीएपीची १,३५० ला. स्वस्त वस्तू हात सैल सोडून वापरली जाते, हा माणसाचा स्वभावच आहे.

यापुढचं गणित मला सगळ्यात आवडतं. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन झाडांत २० सेंटिमीटर अंतर धरलं, तर हेक्टरी सुमारे ८३ हजार झाडं बसतात. १२० किलो नत्र त्यांच्यात वाटा. एका झाडाला दीड ग्रॅमहूनही कमी येतं. युरिया म्हणून मोजलं तर जवळपास ३ ग्रॅम. चहाचा एक चमचाही भरत नाही! आणि हा वाटा एका वेळेचा नाही, मक्याच्या आख्ख्या जन्माचा आहे. तो तीन हप्त्यांत द्यायचा असतो : एक हिस्सा पेरताना, दुसरा महिन्याने, तिसरा ४० ते ४५ दिवसांनी. एका वेळी एका झाडाला एक ग्रॅम. काट्यावर एक ग्रॅम युरिया तोलून मुलांच्या हातावर ठेवा. गोणी उपडी करून मुठीमुठीने फेकणारा हात त्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे एवढ्याशा दाण्यांकडे ती बघतच राहतात. (तोलून झाल्यावर हात धुवायला लावा. आणि सांडलेला युरिया तसाच ठेवू नका. शेळ्या, गाई-बैल युरिया किंवा त्याचं पाणी पिऊन मरू शकतात. त्यांच्या पोटातले जिवाणू झटक्यात त्याचा अमोनिया करतात. युरिया कालवलेली बादली न विसळता बैलासमोर ठेवू नये, हे घरोघरी पोचलं तरी पुष्कळ झालं.)

आता वाटेकरी

एका झाडाचा वाटा ३ ग्रॅम. पण ताटावर बसलेत किती जण? मक्याच्या दोन ओळींत उकिडवे बसून मुलांना तणं ओळखायला लावा. इथे शिक्षकाने गप्प बसावं, मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. केना, कुर्डू, तरोटा, माठ, घोळ, लव्हाळा, हरळी, गाजर गवत. तरोट्याची भाजी खाल्ली नाही असं पोर आपल्याकडे सापडणार नाही. घोळ आणि माठही ताटात येतात. म्हणजे तण म्हणजे वाईट झाड नव्हे. नको त्या वेळी, नको त्या जागी उगवलेलं झाड म्हणजे तण. आजी जी कोवळी भाजी खुडते, तीच आई निंदताना उपटून फेकते.

मका तसा दांडगा. तो ज्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतो तिला सी-४ म्हणतात, आणि कडक उन्हात त्यामुळे तो इतर पिकांपेक्षा भराभर वाढतो. पण माठ, घोळ, हरळी, लव्हाळा हेही सी-४ च आहेत. तालमीत दोघेही एकाच वस्तादाचे पठ्ठे. शिवाय तणाला कोणी पेरलेलं नसतं, ते आधीपासून मातीत दबा धरून असतं. पहिला पाऊस पडला की मक्याच्या बरोबरीने, कधी आधीही, वर येतं. माठासारखं तण तर नत्र मिळालं की गरजेपेक्षा जास्त नायट्रेट अंगात साठवून ठेवतं. उकिरड्याच्या कडेला माठ कसा माजतो, हे मुलांनी पाहिलेलं असतं. फक्त त्याचा नत्राशी संबंध त्यांनी लावलेला नसतो.

एक तण याच्या अगदी उलट वागतं, आणि ते जरूर सांगा. टारफुला. ज्वारीच्या आणि मक्याच्या मुळांना चिकटून त्यांचाच रस पिणारं हे परजीवी तण. नत्र-स्फुरद कमी असलेल्या जमिनीत पिकाची मुळं काही द्रव्यं जास्त सोडतात, त्याचा माग काढत टारफुल्याचं बी उगवतं. त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतं. म्हणजे इथे नत्र कमी देणं हेच तणाला आमंत्रण. 'खत टाकलं की तण वाढतं' असा सरसकट नियम मुलांनी वहीत लिहिला, तर हे उदाहरण तो खोडतं.

वेळेचं भांडण

मक्याच्या बाबतीत तण नडतं ते पहिल्या महिना-दीड महिन्यात. तेवढे दिवस वावर स्वच्छ ठेवलं, तर पुढे मक्याचीच पानं ओळींमध्ये सावली धरतात आणि नंतर उगवलेलं तण खुरटतं. आणि मक्याची नत्राची भूक कधी वाढते? पहिले तीन-चार आठवडे ती फार नसते. झाड गुडघ्याला लागलं की वाढते आणि तुरा येईपर्यंत जोरात असते. दोन्ही वेळा एकमेकींवर येऊन बसतात, हे फळ्यावर एक आडवी रेघ ओढून दाखवा. रेघेवर दिवस टाका, शून्य ते शंभर. खालून तणाचे दिवस रंगवा, वरून भुकेचे. मधला जो पट्टा दोन्ही रंगांचा होतो, तिथेच युरियाचा दुसरा हप्ता पडतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी निंदण, मग डवरणी, मग वाफसा बघून युरिया, आणि तो ओळीजवळ देऊन मातीआड करायचा. प्रत्यक्षात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पाऊस येऊन गेला, वाफसा आहे, युरिया घरात आहे, तर टाकून घेऊ. निंदायला बाया मिळाल्या की मग बघू. बाया मिळत नाहीत, कारण जुलैत सगळ्या गावाची पऱ्हाटी आणि सोयाबीन एकाच वेळी निंदायला आलेलं असतं. बांधावरच्या मक्याचा नंबर शेवटचा. तोवर आठ-पंधरा दिवस आपण विकत आणलेल्या खतावर कचरा पोसत असतो. यात कोणाचा आळस नाही, माणसं कमी आहेत. याच दिवसांत वर्गातली हजेरीही खाली येते, विशेषतः मोठ्या मुलींची. घरी धाकट्याला सांभाळायला, नाहीतर आईच्या जोडीने निंदायला. पालकांनो, निंदणाच्या त्या पंधरवड्यात मुलीचा कोणता पाठ बुडतो हे एकदा शाळेत विचारून जा. तो भरून काढण्याची जबाबदारी आमची.

चार वाफे

हे सगळं सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं आहे. शाळेच्या परसबागेत १० फूट बाय १० फुटांचे चार वाफे करा. प्रत्येकात दोन-दोन फुटांवर पाच ओळी, ओळीत वीतभर अंतराने पंधरा झाडं. एका वाफ्याला सगळा मिळून सुमारे २४० ग्रॅम युरिया लागेल, ८० ग्रॅमचे तीन हप्ते. जागा कमी असेल तर ५ बाय ५ करा आणि युरिया चौथा हिस्सा घ्या. (लांबी निम्मी केली तर खत निम्मं का नाही, हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्या.)

पहिल्या वाफ्यात निंदण करा आणि युरिया द्या. दुसऱ्यात निंदण करा, पण युरिया देऊ नका. तिसऱ्यात युरिया द्या, पण निंदू नका. चौथ्यात दोन्ही नको. कोणता वाफा कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर आपण नकळत नळाजवळची चांगली जागा आपल्या आवडत्या वाफ्याला देतो. शेणखत घालायचं तर चारही वाफ्यांत घमेली मोजून सारखं. बियाणं एकाच पिशवीतलं. तणनाशक या प्रयोगात अजिबात नको.

दर सोमवारी प्रत्येक वाफ्यातल्या ठरलेल्या दहा झाडांची उंची मोजायची आणि किती खालची पानं पिवळी पडली ते लिहायचं. तिसाव्या दिवशी, दुसरा हप्ता देण्याआधी, बांबूच्या कामट्यांची एक फूट बाय एक फुटाची चौकट प्रत्येक वाफ्यात टाकायची, आतलं सगळं तण उपटून माती झटकून तोलायचं. पंचेचाळिसाव्या दिवशी पुन्हा. चौकट डोळे मिटून फेका.

तिसऱ्या वाफ्यावर मुलांचं लक्ष ठेवा. तो दुरून सगळ्यात हिरवागार दिसू शकतो, आणि पहिल्यांदा बघणारा त्यालाच पहिला नंबर देईल. जवळ जाऊन तो हिरवेपणा कोणाचा आहे ते मोजायचं. त्यानंतर दुसरा आणि तिसरा वाफा समोरासमोर ठेवून विचारा : ज्याला एक दाणाही युरिया मिळाला नाही पण निंदण झालं, आणि ज्याला पूर्ण युरिया मिळाला पण निंदण नाही, त्यांत मका कोणाचा बरा? उत्तर मी इथे देत नाही. जमीन, पाऊस आणि तणाची जात बदलली की ते बदलू शकतं. दोन-तीन शाळांनी मिळून केलं आणि आकडे एकत्र ठेवले तर आणखी मजा.

'फवारून टाकू' म्हणण्याआधी

मोठी मुलं विचारणारच : सर, तणनाशक मारलं तर? हा प्रश्न टाळू नका. मक्यात पेरणीनंतर लगेच, ओल असताना, अॅट्राझीन वापरतात. ते तणाच्या पानात प्रकाशसंश्लेषणाची साखळी अडवतं, म्हणून तण उन्हात उभं राहूनही उपाशी मरतं. मका मात्र मरत नाही, कारण त्याच्या अंगात हे द्रव्य मोडून निकामी करणारी विकरं आहेत. ज्वारी आणि उसाकडेही ती आहेत. तुरीकडे, सोयाबीनकडे नाहीत. म्हणजे मक्यात चवळी किंवा तुरीचं आंतरपीक असेल तर अॅट्राझीनचा विचारच करता येत नाही. चवळी, उडदासारखं आंतरपीक जमीन झाकून तण दाबतं, हे त्या बदल्यात मिळतं. दोन्ही फायदे एकदम मिळत नाहीत. युरोपीय संघाने भूजलात उतरतं म्हणून अॅट्राझीन कधीच बंद केलं, आपल्याकडे ते चालू आहे.

दुसरं नाव २,४-डी. ते रुंद पानाच्या तणाला मारतं, गवतवर्गातल्या मक्याला सहसा नाही. पण शेजारी पऱ्हाटी असेल तर जपून. या द्रव्याला पऱ्हाटी फार हळवी. वाऱ्याने थोडा फवारा उडाला, किंवा तोच पंप नीट न धुता पऱ्हाटीवर वापरला, तरी पानं भेंडीच्या पानांसारखी लांबट, चिरलेली होतात. आणि ग्लायफोसेट तर मका आणि तण यांत फरकच करत नाही. हिरवं दिसेल ते जाळतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांपुरता मर्यादित केला आहे. 'तणनाशक' हे एकच औषध नाही, एवढं जरी मुलांच्या डोक्यात राहिलं तरी घरी बाटली उचलणारा हात लेबल वाचायला थांबेल. वडिलांना बारीक अक्षर वाचता येत नसेल तर ते वाचायचं काम शाळकरी मुलाचं. प्रमाण लेबलवरचं किंवा यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारलेलं, दुकानदाराच्या अंदाजाचं नको.

इथे आपल्या जिल्ह्याचा इतिहास आठवावाच लागतो. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती. पण पंप तोच, नाकावर बांधायला तोच रुमाल, आणि फवारणारी माणसंही तीच. तुमच्या वर्गात त्या घरांतली मुलं असतील. हा भाग शिकवताना आकडे मोठ्याने वाचू नका. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, फवारल्यावर आंघोळ आणि कपडे वेगळे धुणं, एवढ्यावरच बोला. शाळकरी मुलांच्या हातात पंप द्यायचा नाही, पाणी आणून द्यायलाही पाठवायचं नाही, हे पालकसभेत स्पष्ट सांगा.

उरलेलं नत्र जातं कुठे?

मक्याने घेतलं नाही, तणाने घेतलं नाही, हवेत उडालं नाही. उरलं ते नायट्रेट पाण्यात विरघळतं आणि पावसाबरोबर खाली जातं. खाली विहीर आहे, बोअर आहे, हातपंप आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटच्या बाबतीत देशातल्या सर्वांत वाईट अशा १५ जिल्ह्यांची यादी आहे. त्यात महाराष्ट्रातले सात आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि आपलं यवतमाळ. दोष सगळा युरियाचा नाही. विहिरीला लागून असलेला उकिरडा, गोठ्याचं मूत, संडासाचे शोषखड्डे यांतूनही नायट्रेट उतरतं. पण वावरातून येणारा वाटा आपल्या हातात आहे, आणि तो चार वाफ्यांच्या गणितातूनच समजतो.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी दिसायला नितळ असतं, चव बदलत नाही, वास येत नाही. सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, विशेषतः वरच्या दुधावर असलेल्या. पावडरचं दूध अशा पाण्यात कालवलं, तर नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसू लागतात. तसं दिसलं तर घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. आईच्या दुधावरच्या बाळाला हा धोका फार कमी.

आपण घरोघरी सांगतो, पाणी उकळून प्या. जंतूंसाठी ते बरोबरच आहे. पण उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. तुरटीने जात नाही, मेडिक्लोरने जात नाही, कापडाच्या गाळणीने जात नाही. आरओ यंत्राने कमी होतं. नाहीतर ज्या विहिरीचं पाणी तपासून चांगलं निघालंय, ते बाळासाठी वेगळं भरून ठेवायचं.

तपासायचं कुठे? जलजीवन मिशनमधून गावांना पाणी तपासणीची किट दिली आहेत आणि गावातल्या काही महिलांना ती वापरायला शिकवलं आहे. त्यात नायट्रेटची चाचणी असते. पाण्यात द्रव्य टाकायचं आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा, दहा मिनिटांचं काम. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला शाळेत बोलवा आणि ही चाचणी मुलांसमोर करायला सांगा. शाळेचा हातपंप, गावची विहीर, एखाद्या मुलाच्या वावरातली विहीर, अशा तीन बाटल्या ठेवा, प्रत्येकीवर जागा आणि तारीख लिहा. एकदा जुलैच्या सुरुवातीला, एकदा ऑक्टोबरमध्ये पावसाळा सरल्यावर. रंग ४५ च्या पुढे गेलेला दिसला तर घाबरवून न सोडता तोच नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवायला ग्रामपंचायतीला सांगा, आणि त्या पाण्यावर कोणाचं तान्हं बाळ आहे का, हे त्याच दिवशी अंगणवाडीताईंना विचारा.